विजापूर ते हंपी, आपल्याच गाडीने

सोलापूर सोडलं की शंभरेक किलोमीटरवर विजापूर. गोलघुमट (१६५६) सकाळी गर्दीआधीच गाठावा. कुजबुज पलीकडच्या टोकाला पोहोचवणाऱ्या सज्जाची किमया शांततेतच कळते.

पुढे सुमारे १२० किलोमीटरवर बदामी. इथे दोन रात्री हव्यातच. तांबड्या वालुकाश्मात कोरलेल्या लेण्यांपैकी तिसऱ्यातला लेख इ. स. ५७८चा. पट्टदकल आणि ऐहोळे एका दिवसात होतात, पण ऐहोळ्याची मेगुती टेकडी घाईत वगळू नये. तिथल्या ६३४च्या शिलालेखात दुसऱ्या पुलकेशीच्या सत्तेखालच्या तीन ‘महाराष्ट्रकां’चा, त्यांतल्या ९९ हजार गावांसह, उल्लेख आहे. मराठी प्रवाशाने तो पाहायलाच हवा!

शेवटी हंपी, ग्रॅनाइटच्या धोंड्यांचा मुलूख. विठ्ठल मंदिराच्या अलीकडेच गाडी ठेवून बॅटरीवरच्या वाहनाने किंवा पायी जावं लागतं.