अमेरिकेस शिकावयास जाणाऱ्या मुलांची पूर्वतयारी

आपल्या व्यापारी घरांत मुलगा वयात आला म्हणजे त्याला परगावच्या एखाद्या परिचित पेढीवर दोन-चार वर्षे काम शिकावयास ठेवण्याची रीत होती. तेथील शेटजी त्याची खबर वडिलांस कळवीत, चुकल्यास कान पकडीत, आणि दिवाळीस मुलगा घरी आला की वहीपूजनाच्या वेळी तो काय शिकला हे सर्वांस दिसे. आज त्याच घरांतील मुले, आणि समाधानाची गोष्ट म्हणजे मुलीही, अमेरिकेतील विद्यापीठांत शिकावयास जाऊ लागल्या आहेत. आपण वडीलधारी माणसे मात्र ही पाठवणी अजून त्या जुन्या पेढीच्या रीतीनेच करू पाहतो. पैसे आपण भरावेत, कागदपत्रे आपण करावीत, तिकडे ओळखीचे कोणी शोधून द्यावे आणि मुलाने फक्त अभ्यास करावा, अशी आपली समजूत असते. ही समजूत तेथे चालत नाही, आणि पुष्कळ घरांस हे उशिरा कळते, म्हणून हा लेख.

मला स्वतःला ते कसे कळले, ते सांगतो. माझ्या मुलीच्या पहिल्या सहामाहीचे शुल्क मी येथील बँकेतून पाठविले. पंधरा दिवस पोच आली नाही, म्हणून विद्यापीठाच्या कार्यालयास ईमेल लिहिला. उत्तर मोठे विनयाचे होते. पण त्याचा सारांश एवढाच की, विद्यार्थिनीच्या लेखी संमतीवाचून तिच्या खात्याविषयी आम्ही कोणासही, तिच्या पालकांसही, काही सांगू शकत नाही. मला राग आला. पैसे माझे, मुलगी माझी, आणि जमाखर्च मात्र मलाच दाखवावयाचा नाही, हा कोठला न्याय? मुलीला फोन केला तेव्हा ती म्हणाली, "अप्पा, खातं माझ्या नावाचं आहे. तुम्ही मला विचारायचं, त्यांना नाही." तिने दुसऱ्या दिवशी चौकशी केली. रक्कम केव्हाच पोहोचली होती. परंतु पाठविताना मी विद्यार्थी क्रमांक लिहिला नव्हता, त्यामुळे ती कोणाच्याही नावे जमा न होता पडून होती, आणि दरम्यान विलंब-आकार बसला होता. चूक माझी होती, आणि ती दुरुस्त करण्याचा अधिकार फक्त तिला होता.

तेथे १९७४ साली झालेल्या कायद्यान्वये शैक्षणिक नोंदींवरील हक्क शालेय वयापर्यंत पालकांकडे असतो. विद्यार्थ्यास अठरा वर्षे पूर्ण झाली अथवा तो महाविद्यालयात दाखल झाला की तो हक्क त्याच्याकडे जातो. गुण, हजेरी, शुल्काची बाकी, सर्व काही त्यात येते. विद्यार्थ्याने संमती दिल्यास पालकांस माहिती मिळू शकते, आणि बहुतेक विद्यापीठांत त्यासाठी नमुना ठरलेला असतो. तेव्हा मुलाने निघण्यापूर्वी त्याच्याशी बसून हा विषय काढावा. तो संमती देणार नसेल तर त्याची कारणेही घरातच बोलली गेलेली बरी. ती पुढे सातासमुद्रांपलीकडून फोनवर ऐकण्यात कोणालाच सुख नाही.

आता कागदपत्रांकडे वळू. प्रवेश निश्चित झाल्यावर विद्यापीठ 'आय-२०' नावाचे पत्रक देते. अभ्यासक्रम सुरू होण्याची तारीख, खर्चाचा अंदाज आणि तो कोण सोसणार, हे त्यावर नमूद असते. हे पत्रक हाती येताच प्रथम नाव पाहावे. आपल्याकडे मध्ये वडिलांचे नाव घालण्याची रीत, त्यात सीमाभागात मराठी शाळेच्या दाखल्यावर आडनाव एका तऱ्हेने आणि कन्नड मुलखातील कागदांवर दुसऱ्या तऱ्हेने इंग्रजीत लिहिलेले. पारपत्रावर जे अक्षर असेल तेच सर्वत्र पाहिजे. त्यानंतर विद्यार्थी-नोंदणीचे ३५० डॉलर शुल्क (हा दर २०१९ पासूनचा आहे) आणि व्हिसाचा अर्ज व त्याचे निराळे शुल्क भरून मुलाखतीची तारीख घ्यावयाची. मुलाखती दिल्ली, मुंबई, चेन्नई, हैदराबाद व कोलकाता येथे होतात. जून २०२५ मध्ये तेथील परराष्ट्र खात्याने विद्यार्थी अर्जदारांस आपली समाजमाध्यमांवरील खाती सर्वांस पाहता येतील अशी खुली ठेवावयास सांगितले. नियम बदलत असतात, म्हणून अर्ज भरण्याच्या आठवड्यात ते वकिलातीच्या संकेतस्थळावर पुन्हा वाचावेत. शेजारच्या मुलाने गेल्या वर्षी काय केले त्यावर विसंबू नये.

मुलाखतीच्या खिडकीशी वडिलांस उभे राहता येत नाही. मुलाखत बहुधा दोन-चार मिनिटांतच आटोपते. तेथील कायदा प्रत्येक अर्जदार कायमचा राहावयास येत आहे असे गृहीत धरूनच चालतो, आणि तसे नाही हे अर्जदारानेच पटवून द्यावयाचे असते. हाच विषय का, हेच विद्यापीठ का, खर्च कोण करणार, वडिलांचा धंदा कोणता, या साध्या प्रश्नांची उत्तरे मुलाने स्वतःच्या शब्दांत द्यावयास हवीत. पाठ करून म्हटलेले उत्तर तेथील अधिकारी लगेच ओळखतात. आणि येथे आपल्या घरांची एक उणीव उघडी पडते. कित्येक मुलांस वडिलांच्या पेढीची उलाढाल किती, नफा किती, कर किती भरला जातो, हे ठाऊकच नसते. वीस-बावीस वर्षांच्या मुलास हे आजवर सांगितले नसेल तर निदान या निमित्ताने सांगावे.

पैशाच्या पुराव्याबाबत आपण व्यापारी आणखी एका जागी अडतो. आपली संपत्ती असते मालात, गाळ्यात आणि उधारीत. वखारीत पन्नास लाखांची हळद पडलेली असली तरी ती वकिलातीच्या दृष्टीने हाताशी असलेला पैसा नव्हे. त्यांस बँकेतील शिल्लक, मुदतठेव अथवा मंजूर झालेले शैक्षणिक कर्ज दिसावे लागते. म्हणून हंगामाच्या खरेदीत सारे भांडवल गुंतविण्यापूर्वी, निदान सहा महिने आधी, वर्षभराच्या खर्चाची रक्कम बाजूस काढावी. रिझर्व्ह बँकेच्या योजनेप्रमाणे एका व्यक्तीस आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठविता येते. ठराविक मर्यादेच्या वर बँक त्यावर कर वसूल करते. तो आपल्या प्राप्तिकरात वळता करून मिळतो, पण तोवर पैसा अडकून राहतो. दर अर्थसंकल्पागणिक बदलत असल्याने सनदी लेखापालास विचारूनच हप्ते ठरवावेत.

अभ्यासक्रमाच्या तारखेपूर्वी ३० दिवसांहून अधिक आधी विद्यार्थ्यास अमेरिकेत प्रवेश मिळत नाही. मामाकडे महिना-दोन महिने राहून मग कॉलेज, असा बेत आखून तिकिटे काढू नयेत. प्रवेशाच्या पहिल्याच विमानतळावर अधिकाऱ्यांची तपासणी होते. पुढचे विमान पकडावयाचे असले तरी सामान बहुधा तेथेच उतरवून पुन्हा द्यावे लागते, म्हणून दोन विमानांत तीन तासांचे तरी अंतर ठेवावे. पारपत्र, आय-२०, प्रवेशपत्र व पैशाचे कागद हातातील पिशवीत असावेत, मोठ्या पेटीत नव्हे.

फराळाच्या डब्यांविषयी मातृवर्गास एक सांगणे आहे. खाद्यपदार्थ नेताना ते जाहीर करणे बंधनकारक आहे. जाहीर केलेली वस्तू चालत नसल्यास फार तर ठेवून घेतात, लपविलेली सापडल्यास दंड होतो. ताजी फळे, भाज्या, बियाणे मुळीच देऊ नयेत, आणि दुधाच्या मिठाईच्या फंदातही पडू नये. सुटा तांदूळ व हरभरेही प्रवासी-सामानातून चालत नाहीत. त्याचे कारण धान्याच्या व्यापाऱ्यांस सांगावयास नको: खापरा भुंगेरा. आपल्या वखारींत पोती पोखरणारा हाच किडा अमेरिकेने आपल्या मुलखात येऊ नये म्हणून कसोशीने अडविला आहे. मसाले, कोरड्या चटण्या, खाकरे मोहोरबंद पाकिटांत द्यावेत, त्यावर नाव इंग्रजीत लिहावे.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः लेखणी उचलली, ती. आपल्यापैकी अनेकांचे आप्त तिकडे दुकाने, मोटेल, किराणा चालवितात. मुलगा तेथे राहील, सायंकाळी गल्ल्यावर बसेल, हातखर्च सुटेल आणि वळणही लागेल, हा विचार आपल्या रक्तातच आहे. तो मनातून काढून टाकावा. विद्यार्थ्याच्या व्हिसावर असलेल्यास सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारातच, तेही आठवड्यास २० तासांपर्यंत काम करता येते. आवाराबाहेर पहिल्या शैक्षणिक वर्षात सामान्यतः काम करता येत नाही, आणि नंतरही रीतसर परवानगी लागते. परवानगीवाचून केलेल्या कामाने विद्यार्थ्याचा दर्जाच संपुष्टात येतो. पदवी, पुढील व्हिसा, सर्वांवर त्याची छाया पडते. "पगार घेतला नाही, काकांना मदत केली" हा बचाव भरवशाचा नाही. ज्या कामास एरवी माणूस पगारावर ठेवावा लागतो, ते फुकट केले तरी कामच ठरू शकते. काकांनी प्रेमाने आग्रह केला तर नाही म्हणावयाचे धैर्य मुलास हवे, आणि ते त्याला तेव्हाच येईल जेव्हा वडिलांनी काकांस आधीच कळविले असेल. हा फोन ज्याचा त्याने स्वतः करावा.

याचप्रमाणे पदवीच्या विद्यार्थ्याने दर सत्रास किमान १२ श्रेयांक घेतलेच पाहिजेत, पत्ता बदलल्यास १० दिवसांत कळविला पाहिजे, आणि काही कमाई नसली तरी दर वर्षी ८८४३ क्रमांकाचे विवरणपत्र करखात्यास पाठविले पाहिजे. ही सर्व कामे मुलाची आहेत. दिवाणजी नाही.

आहाराचा प्रश्न वाटतो तितका बिकट नाही, पण वाटतो तितका सोपाही नाही. १८९३ साली वीरचंद राघवजी गांधी शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेस गेले तेव्हा तेथे जैन मंदिर नव्हते. आज बोस्टनचे जैन केंद्र १९७३ पासूनचे आहे, आणि उत्तर अमेरिकेतील जैन संघांचा महासंघ 'जैना' १९८१ साली स्थापन झाला. विद्यापीठाच्या गावापासून जवळचे मंदिर कोठे आहे हे निघण्यापूर्वी पाहून ठेवावे. बाजारात 'शाकाहारी' म्हणून मिळणाऱ्या केकमध्ये अंडे असू शकते. २००४ च्या कायद्यामुळे अंडे व दूध यांचा उल्लेख वेष्टनावर करावाच लागतो, म्हणून ती ओळ वाचण्याची सवय लावावी. जिलेटिन मात्र घटकांच्या लांब यादीत शोधावे लागते. कंदमुळे वर्ज्य असणाऱ्याने वसतिगृहाच्या भोजनयोजनेचे पैसे भरण्यापूर्वी स्वयंपाकघर असलेली खोली मिळते का ते विचारावे. वरण-भात, पोळी आणि दोन भाज्या मुलांनाही येथेच शिकवाव्यात.

रात्रिभोजनत्यागाची खरी कसोटी हिवाळ्यात लागते. डिसेंबरात बोस्टनला सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि वर्ग पाच-सहापर्यंत चालतात. दुपारचा डबा दोनदा खाता येईल असा न्यावयाचा, हा उपाय माझ्या मुलीने काढला. नियम कितपत पाळावयाचा हे ज्याचे त्याने ठरवावे. पण पहिल्या नोव्हेंबरात घाबरून जाऊन सारेच सोडण्यापेक्षा आधी विचार केलेला चांगला. पर्युषण व दशलक्षण पर्व तर बहुधा सत्राच्या पहिल्या काही आठवड्यांतच येते. उपवास करावयाचा असल्यास त्या दिवसांतील परीक्षा पाहून अध्यापकांस आधीच लिहावे. धार्मिक कारणास्तव सवलत मागणे तेथे संकोचाचे मानीत नाहीत.

प्रकृतीबद्दल थोडक्यात. गोवर-गालगुंडाच्या लसीच्या दोन मात्रांचा दाखला बहुतेक ठिकाणी मागतात; आरोग्यविमा विद्यापीठाचाच घ्यावा लागतो की बाहेरचा चालतो ते विचारावे. दात व चष्मा येथूनच नीट करून न्यावेत, कारण तेथील साध्या विद्यार्थी-विम्यात त्यांचा समावेश पुष्कळदा नसतो. जाडजूड कोट येथून विकत घेऊ नये. ऑगस्टात तिकडे उन्हाळाच असतो. तेथील थंडीचा कोट तेथेच, थंडी सुरू होण्यापूर्वी घ्यावा.

शेवटचे काम येथील कचेरीतले. परदेशी शिकावयास गेलेला विद्यार्थी चलनकायद्यान्वये अनिवासी मानला जातो. त्याचे बचत खाते त्याप्रमाणे बदलून घ्यावे, आणि पेढीत त्यास भागीदार म्हणून घेतले असेल तर लेखापालाचा सल्ला घ्यावा. कर्जाच्या, बँकेच्या व येथील मिळकतीच्या कामांसाठी मुलाने वडिलांच्या अथवा आईच्या नावे मुख्त्यारपत्र निघण्यापूर्वीच नोंदवून द्यावे. तिकडून ते करावयाचे म्हणजे भारतीय वकिलातीत खेपा घालाव्या लागतात. आमच्या घरी ते विमानाच्या आदल्या दिवशी, सामान बांधून झाल्यावर आठवले, आणि नोंदणी कचेरी त्या दिवशी सुटीमुळे बंद होती.