लिएत्सेच्या पोथीचे वय

लाओत्से आणि च्वांगत्से यांच्या खालोखाल ताओपंथात मान आहे तो ‘लिएत्से’ या ग्रंथाला. इ.स. ७४२ मध्ये तांग सम्राट श्वानत्सुंगने त्याला धर्मग्रंथाचा दर्जा दिला. कर्ता म्हणून लिए युखोउचे नाव लागते. च्वांगत्सेच्या पानांत हा गृहस्थ वाऱ्यावर बसून हिंडतो, पण स्सुमा छिएनने आपल्या इतिहासात त्याला चरित्र दिलेले नाही. त्याचा काळ इ.स.पूर्व पाचव्या शतकाच्या आगेमागे धरतात. आज छापला जाणारा ग्रंथ मात्र त्यानंतर सुमारे सातशे वर्षांनी, इ.स. ३०० च्या आसपास जुळवला गेला असे मला वाटते; आणि ज्याच्यावर जुळवाजुळवीचा आळ येतो, त्या भाष्यकार चांग चानचे ते काम नव्हे.

सर्वांत बोलका पुरावा भारतातून गेलेला आहे. पाचव्या प्रकरणात येन श नावाचा कारागीर चौ वंशातल्या मू राजापुढे यंत्रपुरुष नाचवतो. खेळ संपताना तो पुतळा राजाच्या स्त्रियांना डोळा मारतो, राजा खवळून कारागिराचा जीव घ्यायला निघतो, आणि घाबरलेला कारागीर पुतळा उकलून आतले चामडे, लाकूड, सरस आणि लाख दाखवतो. धर्मरक्ष या बौद्ध पंडिताने २८५ साली चिनीत उतरवलेल्या कथासंग्रहात पाच राजपुत्रांची गोष्ट आहे. त्यांतला कारागीर भाऊ परक्या राजापुढे लाकडी माणूस नाचवतो. तो पुतळा राणीला डोळा मारतो, राजा त्याचे डोके उडवायला सांगतो, आणि कारागीर खांद्याची खीळ उपसून सगळा डोलारा खाली पाडतो. ही जुळणी दाखवून दिली ची श्येनलिन यांनी. वाल्मीकी रामायण संस्कृतातून चिनीत नेणारे, २००८ साली पद्मभूषण मिळालेले हेच विद्वान.

अशा कल्पना दोन देशांत स्वतंत्रपणे सुचू शकतात, हा आक्षेप एरवी योग्यच. चालणारा पुतळा कोणालाही सुचेल. पण नाच, नेत्रपल्लवी, राजाचा संताप, मृत्युदंड आणि सुटे भाग हा क्रम दोनदा आपोआप जुळणे कठीण. मग कथाच चीनमधून भारतात गेली असेल तर? तेही पटत नाही. बौद्ध कथेत पाच भावांपैकी कोणाचा गुण श्रेष्ठ, पुण्याचा की कलेचा, हा वाद आहे आणि कारागीर त्या चौकटीचा एक खांब आहे. लिएत्सेमध्ये चौकट गळून केवळ चमत्कार उरला आहे.

याच प्रकरणाच्या शेवटी आगीत धुऊन स्वच्छ होणारे कापड, म्हणजे ॲस्बेस्टॉसचे वस्त्र, आणि ‘असे काही नसतेच’ म्हणणारा एक राजपुत्र भेटतो. वेई राज्याच्या त्साओ फीने असेच लिहिले होते आणि ते दगडात कोरलेही गेले होते. २३९ मध्ये पश्चिमेकडून खरेच असे कापड आले आणि त्याचे म्हणणे खोटे ठरले. अनेक अभ्यासक हा टोमणा त्यालाच उद्देशून मानतात. ती ओळख पक्की नाही, पण मू राजावरचे प्रकरण आधाराला घेते ते मू राजाच्या प्रवासाचे वृत्त तर २८१ च्या सुमारास एका थडग्यातून बाहेर आले होते.

जुन्या मताचे लोक म्हणतात, च्वांगत्सेशी जुळणारे उतारे त्यानेच लिएत्सेतून उचलले असतील. सुट्या उताऱ्यांबद्दल हे खोडणे अवघड आहे. पण यांग पोचुन यांनी दाखवलेली उत्तरकालीन शब्दयोजना ग्रंथात जागोजाग आहे. ती उसनवारीच्या दिशेने सुटत नाही.

राहिला चांग चान. इ.स. ३७० च्या सुमारास त्याने भाष्य लिहिले. उत्तरेतल्या धामधुमीत पळताना आजोबांनी वाचवलेली आणि नंतर नातेवाइकांकडून पुरी केलेली पोथी, अशी हकीकत तो सांगतो. फारच सोयीची हकीकत, संशय येणारच. मात्र ए. सी. ग्रॅहम यांनी दाखवल्याप्रमाणे भाष्यात तो मूळ वाक्ये चुकीची समजतो. स्वतः रचलेल्या मजकुरात माणूस असा अडखळत नाही. शिवाय ग्रंथ बौद्ध सूत्रांशी मिळताजुळता आहे, हे प्रस्तावनेत तोच सांगतो. लबाडी लपवणारा ही वाट कशाला दाखवील? म्हणून रचनाकार त्याच्या आधीच्या एकदोन पिढ्यांत, कदाचित त्याच्याच कुटुंबाच्या वर्तुळात शोधावा लागतो. हान काळच्या ग्रंथसूचीत आठ प्रकरणांच्या लिएत्सेची नोंद आहे, आणि त्याचे काही तुकडे या रचनेत मिसळले असणे शक्य आहे.