बाकामागचा माणूस

आइस हॉकीचे प्रशिक्षक स्कॉटी बोमन यांच्या स्वतःच्या खेळण्याला 1952 मध्येच खीळ बसली. मॉन्ट्रियलच्या ज्युनिअर हॉकीत प्रतिस्पर्ध्याची काठी डोक्यावर बसली, कवटी फुटली. वय अठरा. पुढे एका रंगाच्या कंपनीत नोकरी करताना जेवणाच्या सुट्टीत ते फोरम स्टेडियम गाठत आणि मॉन्ट्रियलच्या कॅनेडियन्स या व्यावसायिक संघाचा सराव बघत बसत. त्यांचं खरं शिक्षण हेच, असं मला वाटतं.

1967 मध्ये नॅशनल हॉकी लीगमधले (एनएचएल) संघ सहाचे बारा झाले आणि नव्या सेंट लुईस ब्लूजची सूत्रं लवकरच त्यांच्याकडे आली. सलग तीन वर्षं अंतिम फेरी, आणि तिन्ही वेळा 0-4 अशी हार. 1970 चा बॉबी ऑर यांचा हवेत झेपावतानाचा तो जगप्रसिद्ध फोटो आहे ना, त्यातला गोल बोमन यांच्याच संघावर झालेला!

मग मॉन्ट्रियल. आठ वर्षांत पाच स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलची पाच विजेतेपदं. 1976-77 मध्ये 80 सामन्यांत फक्त 8 पराभव. पण माझं मन रेंगाळतं ते 31 डिसेंबर 1975 च्या रात्रीवर. मॉस्कोचा सैन्यदल संघ फोरममध्ये आला होता. मॉन्ट्रियलने गोलवर 38 फटके मारले, पाहुण्यांनी जेमतेम 13. तरी सामना 3-3! पाहुण्यांच्या गोलसमोर त्रेत्याक नावाची भिंत तर होतीच; पण रशियन उगाच पक (खेळाची चकती) भिरकावत नव्हते, नेमकी संधी मिळेपर्यंत तो आपल्याकडेच ठेवत होते.

जनरल मॅनेजरपद हुकल्यावर त्यांनी 1979 मध्ये मॉन्ट्रियल सोडलं. बफेलोची वर्षं कपाविना गेली. पिट्सबर्गमध्ये प्रशिक्षक बॉब जॉन्सन यांच्या आजारपणामुळे ते पुन्हा बाकामागे उभे राहिले. 1992 चा कप आला.

पुढे डेट्रॉइटचे प्रशिक्षक असताना ऑक्टोबर 1995 मध्ये त्यांनी फेतिसोव, लारिओनोव, कॉन्स्तांतिनोव, फेदोरोव आणि कोझलोव असे पाच रशियन एकदम बर्फावर उतरवले. उत्तर अमेरिकेच्या आडदांड हॉकीत हे धाडसच होतं. या पाचांना फार सूचना द्याव्या लागत नसत. फोरममधल्या त्या रात्री दिसलेल्या, पक राखून खेळायच्या चाली त्यांच्या हाडीमाशी खिळलेल्या. 1997 मध्ये डेट्रॉइटला 42 वर्षांनी कप मिळाला, 1998 मध्ये पुन्हा.

2002 चा कप प्रशिक्षक म्हणून त्यांचा नववा. सामना संपला तसे अडुसष्ट वर्षांच्या बोमन यांनी स्केट्स चढवले, कप डोक्यावर धरून बर्फावर फेरी मारली आणि निवृत्ती जाहीर केली.