स्मृतिभ्रंश आणि वाचा-उपचार

स्मृतिभ्रंशात आठवणींबरोबर बोलणेही अडखळू लागते. अल्झायमरमध्ये बहुधा आधी नेमके शब्द सापडेनासे होतात. ‘चमचा’ऐवजी माणूस ‘ते ढवळायचं’ म्हणतो. पुढे गप्पांचा धागा सुटतो, तेच प्रश्न पुन्हा येतात. वाचा-उपचाराने आजार बरा होत नाही. उरलेल्या क्षमतेवर संवाद टिकवणे हा त्याचा हेतू असतो.

ऐकू नीट येते का, समजते किती, बोलता किती येते, हे स्पीच थेरपिस्ट आधी पाहतात. मग नावे लिहिलेली फोटोंची वही, कपाटांवर चित्रे अशी साधने सुचवतात. घरच्यांनाही शिकवतात: समोर बसून एका वेळी एकच गोष्ट बोला. ‘काय खाणार?’पेक्षा ‘पोहे की उपमा?’ विचारा. उत्तराला वेळ द्या. ‘ओळखा पाहू मी कोण?’ अशी परीक्षा घेऊ नका.

गिळण्याच्या तक्रारीही हेच तज्ज्ञ तपासतात. पाणी पिताना ठसका लागणे, घास तोंडातच राहणे, जेवताना आवाज घरघरणे याकडे दुर्लक्ष नको. अन्न श्वासनलिकेत गेल्यास न्यूमोनिया होऊ शकतो. रुग्णाला ताठ बसवूनच भरवा, आणि बोलणे पार थांबेपर्यंत न थांबता सुरुवातीलाच तज्ज्ञांना भेटा.