क्रूगरच्या अरण्यांत मुक्काम कोठें करावा?

'सफारी' हा शब्द आतां आपल्याकडे घरोघरीं ठाऊक झाला आहे. तो पूर्व आफ्रिकेंतील स्वाहिली भाषेंतला. त्याचा अर्थ प्रवास, आणि त्याचें मूळ अरबी 'सफर'. आपली मराठी सफरहि त्याच कुळांतली. शब्दाची ओळख अशी जुनी असली, तरी देश मात्र अनोळखी आहे, आणि तेथें जाणाऱ्या कुटुंबांची पहिली चूक बहुधा मुक्कामाच्या बाबतींत होते. विमानाच्या भाड्याची चौकशी महिनोन्‌महिने चालते. मुक्काम मात्र चित्रांतील पलंग आणि पोहण्याचा तलाव पाहून एका संध्याकाळीं ठरतो. शहरांत ही चूक फारशी नडत नाहीं. अरण्यांत ती फार नडते. तेथें मुक्काम कोठें आहे यावर आपण काय पाहणार आणि कशास मुकणार हें बरेंचसें अवलंबून असतें. दक्षिण आफ्रिकेंतील क्रूगर राष्ट्रीय उद्यानाचें उदाहरण घेऊन हीच गोष्ट आज मी आपणांस सांगणार आहें.

प्रथम या उद्यानाचा थोडा परिचय. १८९८ सालीं ट्रान्सवालचे अध्यक्ष पॉल क्रूगर यांच्या अमदानींत साबी नदीच्या परिसरांत राखीव अरण्य जाहीर झालें. १९०२ पासून जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन या अधिकाऱ्यानें तें सांभाळलें. १९२६ सालीं त्याचें राष्ट्रीय उद्यान झालें आणि १९२७ सालीं प्रवाशांना प्रवेश मिळाला. त्या पहिल्या वर्षीं अवघ्या तीन मोटारी आंत आल्या, असें सांगतात. त्यांतील प्रवाशांना उतरावयास धड झोपडीहि नव्हती. आज तेथें वस्तीचे अनेक तळ आहेत. उद्यानाचा विस्तार १९,००० चौरस किलोमीटरांहून अधिक असून दक्षिणोत्तर लांबी सुमारें ३५० किलोमीटर भरते. मुंबईहून कोल्हापुरास जावयाचें म्हटलें तर जें अंतर पडतें, त्याच मानाचें हें अंतर आहे. "क्रूगरला उतरलों" एवढें सांगून भागत नाहीं; क्रूगरमध्यें कोठें, हा खरा प्रश्न.

आपल्यापैकीं पुष्कळांनीं ताडोबा पाहिलें असेल. तेथें बहुतेक प्रवासी मोहर्लीसारख्या वेशीजवळच्या गांवीं उतरतात आणि ठरल्या वेळीं परवान्याच्या उघड्या गाडींतून, वाटाड्यास बरोबर घेऊन आंत जातात. क्रूगरची रीत निराळी आहे. तेथें स्वतःची किंवा भाड्याची बंद मोटार स्वतः हांकीत अरण्यांत हिंडतां येतें आणि रात्रीं अरण्याच्या पोटांतच, कुंपण घातलेल्या तळावर राहतां येतें. वाहनें आपल्याप्रमाणेंच डाव्या बाजूनें चालतात. ताडोब्याची संवय मनांत धरून कोणी वेशीबाहेरचें भव्य हॉटेल घेतलें, तर तो आपल्या हातानें मोठा लाभ दवडतो.

हा लाभ घड्याळाचा आहे. दक्षिण गोलार्धांतील उन्हाळ्यांत, म्हणजे नोव्हेंबर ते जानेवारी या महिन्यांत, आंतील तळांचे दरवाजे पहाटे साडेचारला उघडतात. उद्यानाच्या वेशी मात्र साडेपांचला. हा एकच तास, पण रात्रभर हिंडलेले सिंह, तरस, बिबटे रस्त्याच्या कडेला दिसावयाचे ते याच तासांत. ऊन तापलें कीं तीं जनावरें सावली धरतात. बाहेरचा प्रवासी वेशीपाशीं मोटारींच्या रांगेंत उभा असतो, तेव्हां आंतला प्रवासी नदीकाठीं पोंचलेला असतो. हिवाळ्यांत वेशी आणि तळ एकाच वेळीं, सहा वाजतां उघडतात. तरी रांग आणि दूरचा रस्ता हीं दोन्ही बाहेरच्याच वांट्याला येतात. शिवाय तळांवरून उद्यानाच्या मोठ्या गाड्या भल्या पहाटे आणि रात्रींहि फेरीस निघतात. त्या वेळीं स्वतःची मोटार बाहेर काढतां येत नाहीं.

दुसरा हिशेब अंतराचा. डांबरी रस्त्यावर तासाला ५० किलोमीटर आणि मातीच्या रस्त्यावर ४० किलोमीटर, ही वेगाची मर्यादा आहे. प्रत्यक्षांत जनावरें पाहत, थांबत जाणाऱ्यास तासाला पंचवीस किलोमीटरहि पुष्कळ होतात. स्कुकुझा ते सटारा हें अंतर ९० किलोमीटरांच्या आसपास आहे; त्यास सहज चार तास लागतात. सायंकाळीं दरवाजे बंद होण्यापूर्वीं तळ गांठलाच पाहिजे. उशिरा येणाऱ्यास दंड होतो. यास्तव रोज नव्या तळावर मुक्काम हलविण्याचा हव्यास धरूं नये. एका ठिकाणीं निदान दोन, शक्य तर तीन रात्री काढाव्या. तिसऱ्या दिवशीं कोणत्या वळणावर पाणी आहे आणि कोणत्या झाडाखालीं कळप विसावतो, हें आपलें आपल्यालाच कळूं लागतें.

आतां तळ कोणता घ्यावा? नवख्यानें दक्षिण आणि मध्य भाग धरावा. तेथें जनावरांची दाटी अधिक. स्कुकुझा हा सर्वांत मोठा तळ. दुकान, उपाहारगृह, विमानतळ अशा सर्व सोयी तेथें आहेत. अर्थात गर्दीहि आहे. लोअर साबी नदीच्या अगदीं कांठावर असून त्याच्याजवळच्या तळ्यांत पाणघोडे आणि मगरी बहुधा दिसतातच. सटाऱ्याच्या भोंवतीं गवताळ मैदानें असल्यामुळें सिंहांसाठीं त्याची ख्याति आहे. ओलिफंट्सचा तळ उंच कड्यावर वसलेला. तेथील ओट्यावर बसून खालच्या नदींत उतरणारे हत्ती पाहावे. या नदीच्या उत्तरेस मोपाने वृक्षांचें रान लागतें. जनावरें विरळ होतात आणि गर्दीहि ओसरते. अगदीं टोकाला, पुंडा मारियाच्या पुढें पफुरीकडे, आपल्याकडे गोरखचिंच म्हणतात तो वृक्ष त्याच्या मूळच्या भूमींत पाहावयास मिळतो. हा भाग दुसऱ्या भेटीसाठीं राखून ठेवावा.

तळांवर तंबू, गवती छपराच्या वाटोळ्या झोपड्या आणि मोठ्या बंगल्या असे प्रकार असतात. जागा राखतांना तिचें वर्णन शब्दन् शब्द वाचावें. कांहींना स्वतःचें न्हाणीघर असतें, कांहींना सामाईक. कोठें चूल आणि भांडीं मिळतात, कोठें नाहीं. शाकाहारी कुटुंबानें स्वयंपाकाची सोय असलेलीच जागा घ्यावी, म्हणजे डाळ-भातासाठीं अडून बसावें लागत नाहीं. माकडांपासून मात्र शिधा संभाळावा. कडी न लावलेलें कपाट त्यांना उघडतां येतें. चांगल्या जागा कित्येक महिने आधीं भरतात, विशेषतः तेथील शाळांच्या सुटींत.

पश्चिम सीमेला साबी सँडसारखीं खाजगी राखीव वनें लागून आहेत. मधलें कुंपण १९९३ सालीं काढल्यामुळें जनावरें दोहोंकडे मोकळेपणीं फिरतात. येथें जेवण, वाटाड्या आणि उघडी गाडी हीं सर्व भाड्यांतच येतात, आणि बिबट्याच्या मागावर गाडी रस्ता सोडून रानांतहि शिरते. भाडें मात्र तळांच्या अनेक पट असतें. तेथील बऱ्याच निवासांना कुंपण नसतें, म्हणून रात्रीं रखवालदाराशिवाय खोलीबाहेर पाऊल टाकूं नये. लहान मुलें बरोबर असतील तर वयाची अट आधीं विचारावी. उद्यानाच्या स्वतःच्या फेऱ्यांतहि सहा वर्षांखालील मुलांना घेत नाहींत. ऐपत असल्यास असे दोन दिवस प्रवासाच्या शेवटीं ठेवावे. प्रथम आपल्या डोळ्यांनीं शोधण्याची संवय झाली, म्हणजे जाणत्या वाटाड्याचें कसब उमजतें.

आणखी एक गोष्ट चित्रांत दिसत नाहीं. पफुरी भागांत मकुलेके नांवाच्या लोकांचीं गांवें होतीं. १९६९ सालीं वर्णभेदी सरकारनें त्यांना तेथून बळजबरीनें उठविलें आणि ती जमीन उद्यानास जोडली. १९९८ सालीं ती त्यांना कायद्यानें परत मिळाली. तेव्हां त्यांनीं तेथें पुन्हां नांगर न धरतां अरण्य अरण्यच ठेवण्याचें ठरविलें आणि भागीदारीनें प्रवाशांचीं निवासस्थानें उभीं करूं दिलीं. आपण देतों त्या भाड्यांतील वांटा अशा लोकांच्या हातीं पडतो कीं नाहीं, हें विचारणें अनाठायीं नाहीं. ज्यांच्या शेजारीं हत्ती आणि सिंह राहतात, त्यांना अरण्यापासून कांहीं मिळालें, तरच तें अरण्य पुढल्या पिढीला दिसेल.

ऋतूचाहि विचार हवा. मे ते सप्टेंबर कोरडा काळ. गवत खुरटतें, पाणी आटतें, जनावरें नदीकांठीं जमतात. या दिवसांत नदीजवळचा तळ घ्यावा. पहाटे मात्र चांगली थंडी पडते, तेव्हां लोकरीचे कपडे न्यावे. ऑक्टोबरनंतर पावसानें रान हिरवें होतें आणि पक्षी पुष्कळ येतात, पण दाट झाडींत जनावर दिसणें कठीण. पुरामुळें रस्तेहि बंद पडतात. २००० सालच्या फेब्रुवारींतील महापूर तेथें अजून आठवतात. हिवतापाचें भय पावसाळ्यांत अधिक. डॉक्टरांचा सल्ला निघण्यापूर्वीं घ्यावा आणि खिडक्यांना जाळ्या आहेत कीं नाहीं तें पाहावें.

तेव्हां पांच-सहा रात्रींचा बेत असेल तर तीन रात्री लोअर साबीला आणि उरलेल्या सटाऱ्याला काढाव्या, असें मी सुचवीन. नकाशा पुढें घेऊन प्रथम अंतर मोजावें, मग दरवाजांच्या वेळा पाहाव्या, आणि पलंगाची चौकशी सर्वांत शेवटीं करावी. कुंपणालगतची साधी झोपडी मिळाली तर ती आनंदानें घ्यावी. रात्रीं दिवा मालवून दाराशीं बसलें असतां, चार हातांवर तारेपलीकडे तरस येऊन उभा राहतो.