फाइव्ह स्टार एसी आणि तापणारी इमारत

बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहतीभोवती आणि पालघर शहरात वाढणाऱ्या गृहसंकुलांबाबत एक समज वारंवार ऐकू येतो, तो असा की फाइव्ह स्टार एसी बसवला म्हणजे वीजबचतीचे काम संपले आणि इमारतींचे ऊर्जानियम मुंबईतल्या काचेच्या मनोऱ्यांपुरतेच आहेत. हा समज साफ चुकीचा असून त्याची किंमत रहिवासी दरमहा वीजबिलातून मोजतात. तारांकन हे केवळ यंत्राची कार्यक्षमता सांगते. त्या यंत्राला किती उष्णता बाहेर काढावी लागेल हे भिंती, खिडक्या आणि छत ठरवतात.

म्हणूनच केंद्रीय ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या २०१८ च्या इको निवास संहितेच्या पहिल्या भागाचा विषय एसी नसून इमारतीचे आवरण हा आहे. छत वगळता भिंती-खिडक्यांतून आत येणारी उष्णता प्रति चौरस मीटर सरासरी १५ वॅटच्या आत असावी, आणि छताचा उष्णतावहनांक, म्हणजे आतबाहेरच्या एका अंशाच्या फरकाला दर चौरस मीटरमधून वाहणारी उष्णता, १.२ वॅटपेक्षा अधिक नसावा, असे ती सांगते. उघड्या काँक्रीट स्लॅबचा हा अंक त्याच्या दुपटीहूनही मोठा असतो, आणि मेच्या मध्यानंतर पालघरच्या अक्षांशावर माध्यान्हीचा सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर येत असल्याने वरच्या मजल्याचे रहिवासी त्याचा सर्वाधिक ताप सोसतात. किनारपट्टीसारख्या उष्ण-दमट प्रदेशात खिडक्या-दारांचा उघडता येणारा भाग चटईक्षेत्राच्या किमान एक षष्ठांश असावा, हीही अट संहितेत आहे, कारण दमट हवेत वारा खेळता राहिला तरच घाम वाळतो.

नियम मनोऱ्यांपुरतेच, हेही खरे नाही: ऊर्जा संवर्धन कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीने १०० किलोवॅट वा अधिक जोडभाराच्या निवासी इमारतीही संहितेच्या कक्षेत आणल्या.

उरलेले समज थोडक्यात असे. उष्णतारोधक थर थंड प्रदेशांसाठीच असतो, हे चूक. तो उष्णतेचा प्रवास दोन्ही दिशांनी रोखतो. एसी १८ अंशांवर ठेवल्यास खोली लवकर थंड होते, हेही चूक. साध्या एसीचा वेग तोच राहतो, तो केवळ अधिक वेळ चालतो. मोठ्या टनेजचा एसी नेहमीच चांगला, हेही चूक. तो लवकर थांबतो आणि हवेतला दमटपणा पुरेसा काढत नाही.

एसी काही वर्षांनी बदलता येतो, पण भिंतीची दिशा आणि खिडकीची जागा बदलता येत नाही. त्यामुळे सदनिका घेताना छतावरील उष्णतारोधक थर आणि पश्चिमेच्या खिडक्यांची सावली यांची चौकशी करणे, हे एसीचे तारे मोजण्याआधीचे काम आहे.