मिसरी, मावळ आणि कर्करोगाची जाण

पुणे जिल्ह्यातल्या मावळ भागात अनेक घरांत, पवन मावळापासून आंदर मावळापर्यंत, तंबाखू दात घासायच्या सामानात बसते. तंबाखूची पाने तव्यावर काळी पडेपर्यंत भाजायची, चुरून वस्त्रगाळ पूड करायची, डबीत भरून ठेवायची आणि सकाळी बोटावर चिमूटभर घेऊन हिरड्यांवर फिरवायची. ही मिसरी. ती लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोके जड राहते, असे बायका सांगतात आणि त्यात खोटे काहीच नाही. हिरडीच्या पातळ त्वचेतून निकोटीन थेट रक्तात जाते, ते आतड्यांना चालना देते, आणि एक दिवस खाडा झाला की शरीर ते मागून घेते. औषध म्हणून सुरू झालेली गोष्ट अशी व्यसन होऊन बसते.

वाळवलेल्या तंबाखूत नायट्रोसामाइन ही कर्करोगकारक रसायने आधीच असतात. भाजताना त्यांत बेन्झोपायरीनची भर पडते. म्हणजे धूर छातीत न घेताही जळालेल्या तंबाखूतले विष तोंडात येते.

चालीरीती आणि कर्करोग यांचा संबंध भारतात फार लवकर ओळखला गेला होता. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या प्रयोगशाळांचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी बी. सूर्याबाई यांच्यासह 1945 मध्ये रोजच्या चालीरीतींतून उद्भवणाऱ्या तीन कर्करोगांवर निबंध लिहिला. त्यातला एक धोतराचा: कमरेला वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट कसल्यामुळे तिथल्या त्वचेला होणारा. रुग्ण काय नेसतो, काय चघळतो, हे विचारणारा विकृतिशास्त्रज्ञ त्या काळी विरळाच. 1955 मध्ये सहकारी संघवी आणि राव यांच्यासह त्यांनी तंबाखू ओढणे व चघळणे यांचा तोंड, घसा आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाशी असलेला संबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडला. सिगारेट आणि फुप्फुसाच्या कर्करोगाची गोष्ट निघाली की डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांची नावे हमखास येतात. चघळण्याच्या तंबाखूबाबत खानोलकरांचे नाव मात्र महाराष्ट्रातही क्वचित ऐकू येते, ही खंत वाटण्याजोगी बाब आहे.

पुढचे पाऊल पुणे जिल्ह्यातच पडले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंत संशोधन विभागातल्या फली मेहता, प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांनी जिल्ह्यातल्या 1,01,761 ग्रामस्थांची तोंडे तपासली; निष्कर्ष 1972 मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे 39 टक्के स्त्रिया मिसरी लावत होत्या. पुरुषांत हे प्रमाण एक टक्काही नव्हते.

त्यानंतरचे बहुतेक उपाय मिसरीला बगल देऊन गेले आहेत. 1992 मध्ये दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यावर बंदी आली, पण घरच्या तव्याला ती लागू होत नाही. 2012 मध्ये महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी घातली. मिसरी म्हणजे गुटखा नव्हे. 2016 पासून तंबाखूच्या पाकिटाचा 85 टक्के भाग धोक्याच्या चित्राने व्यापलेला असतो. पण घरी भाजलेल्या पुडीवर ते चित्र कोण छापणार? जाणीव नाही असेही म्हणता येत नाही. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या 95.6 टक्के प्रौढांनी बिनधुराच्या तंबाखूने गंभीर आजार होतात असे सांगितले, आणि त्याच पाहणीत महाराष्ट्रातले 24.4 टक्के प्रौढ ती वापरत होते. प्रश्न तंबाखूविषयी विचारला जातो. मंजनाची डबी त्यात अनेकांच्या मनात येत नसावी.

बंदी आणि पाकिटावरचे चित्र जिथे पोहोचत नाही, तिथे समोरासमोर बोलण्याने काय साधते, हे बार्शीने दाखवले. 1987 मध्ये बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांसाठी देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. शहरात रुग्णालयांच्या कागदांवरून नोंद होते. खेड्यातला रुग्ण तिथवर पोहोचतच नाही. म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरले, लक्षणे समजावून सांगत राहिले आणि संशयित रुग्णांना तपासणीसाठी बार्शीला धाडत राहिले. काम होते मोजण्याचे, पण काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्ण स्त्रिया आधीच्या टप्प्यात येऊ लागल्याचे नोंदणीतच दिसले. हे निरीक्षण 1995 मध्ये प्रसिद्ध झाले. यासाठी कोणतेही महागडे यंत्र लागले नव्हते.

मिसरीच्या बाबतीत सांगण्याजोगी लक्षणे मोजकीच आहेत: पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड उघडायला त्रास, कारण नसताना हलणारा दात. ती उजेडात आरशासमोर पाहता येतात. मिसरी लावणाऱ्यांनी खालचा ओठ आणि हिरडी यांमधली खाच मुद्दाम पाहावी, कारण पूड तिथेच साठून राहते. प्रत्येक पांढरा चट्टा म्हणजे कर्करोग नव्हे. तंबाखू सोडल्यावर असे चट्टे पुष्कळदा मावळतात. मेहता-गुप्ता यांच्याच गटाने केरळातल्या एर्नाकुलम जिल्ह्यात घरोघरी जाऊन तंबाखू सोडण्याविषयी समजावले, तेव्हा असे नवे चट्टे येण्याचे प्रमाणही घटले.